कवला ओळखायचा कसा? ठाणे-नवी मुंबईच्या डोंगरवाटांवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की येऊर, पारसिक, खारघरच्या उतारांवर गवतातून छोटी पिवळी फुलं डोकावू लागतात आणि आमच्या फोनवर फोटो येऊन पडायला लागतात. निम्म्या फोटोंखाली एकच प्रश्न असतो: "हे मिकी माऊसच ना?" मिकी माऊस हे कवल्याच्या फुलाचं टोपणनाव. तीच तीच उत्तरं लिहिण्यापेक्षा ती एकदाची इथे मांडून ठेवली आहेत. नवीन काही कळलं की भर घालू.

कवला म्हणजे नेमकी कुठली वनस्पती?

शिंबावंत कुळातली, म्हणजे मूग, मटकी, तूर यांच्या भाऊबंदांतली एक छोटी रानवनस्पती. शास्त्रीय नाव स्मिथिया. हे एका वनस्पतीचं नाव नाही, अख्ख्या प्रजातीचं आहे. जगभरात तिच्या वीसेक जाती असतील. त्यांतल्या बऱ्याच भारतातल्या, आणि कित्येक तर सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. कुणी 'कवला' म्हणतं, कुणी 'कवळा'. दोन्ही चालतं, त्यावरून वाद घालत बसू नका. अडचण वेगळी आहे. गावातला माणूस या प्रजातीतल्या चार-पाच जातींना सरसकट कवलाच म्हणतो, आणि भाजीपुरतं ते पुरेसंही आहे. जात ठरवायची तर मात्र पुढचं सगळं वाचावं लागेल.

जांभळी नाक्यावर पावसाळ्यात मिळणारी कवल्याची भाजी हीच का?

हीच. आषाढात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगीबरोबर कवल्याच्या जुड्या घेऊन बसतात. तेव्हा ती कोवळी असते, फुलाचा पत्ता नसतो. फुलं येईपर्यंत काड्या निबर होतात आणि भाजीवाल्या बायका तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. म्हणून भाजी ओळखणाऱ्याला फूल माहीत नसतं आणि फुलाचे फोटो काढणाऱ्याला भाजी. दोघांची गाठ क्वचितच पडते.

एक जुडी आणा आणि चिरायच्या आधी पाच मिनिटं नीट बघा. रानात चिखलात उकिडवं बसून जे पाहायचं असतं, त्यातलं अर्धं ओट्यावर दिसेल: समोरासमोर लागलेल्या छोट्या पर्णिका, म्हणजे एका पानाची बारीक पानं, त्यांच्या कडांचे केस, देठाच्या बुडाशी कागदासारखी पातळ उपपर्णं. मग काड्या काढून टाका, पानं बारीक चिरा, लसूण-मिरचीच्या फोडणीत कांदा परता, भिजवलेली मूगडाळ घाला आणि वरून ओलं खोबरं. पानं मिटलेली असतील, त्यामुळे जुडीत माती अडकून राहते. दोन-तीन पाण्यांतून काढा.

मग आपणच रानातून खुडून आणली तर?

नको. एक तर येऊरच्या चौकीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे आणि तिथलं पानसुद्धा तोडायला मनाई आहे. दुसरं म्हणजे, कोवळेपणी फुलाशिवाय ही वनस्पती ओळखणं भाजीवाल्या मावशींना जमतं, तुम्हाला-आम्हाला नाही.

रानात पहिल्यांदा दिसल्यावर कवलाच आहे हे कशावरून ठरवायचं?

जातीच्या भानगडीत लगेच पडू नका. आधी प्रजाती पक्की करा. त्यासाठी चार गोष्टी पुरतात.

पान. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या जोड्या असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. म्हणजे पर्णिका नेहमी सम संख्येत. दांडीच्या टोकाला पर्णिकेऐवजी एखादा राठ केस असतो. पर्णिका लांबट, बोथट, आणि त्यांच्याही टोकाला बारीक केस. तो दिसला नाही तर पान आकाशाकडे धरून बघा.

उपपर्णं. पान फांदीला जिथे जुळतं तिथे दोन्ही बाजूंना पातळ, सुकट, तपकिरी झाक असलेली पापुद्र्यासारखी उपपर्णं असतात. त्यांची गंमत अशी की ती जिथे चिकटलेली असतात तिथून वर तर जातातच, पण खालच्या बाजूलाही त्यांचं एक शेपूट उतरलेलं असतं. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून एकदा पाहिलंत की पुन्हा विसरणार नाही.

फूल. वाटाण्याच्या फुलाची ठेवण डोळ्यांसमोर आणा: मागे उभी मोठी पाकळी, तो ध्वज, बाजूंना दोन पंख, आणि मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. कवल्याचं फूल तसंच, फक्त नखाएवढं. त्यामागचा हिरवा भाग, म्हणजे निदलपुंज, दोन ओठांत विभागलेला असतो. एक ओठ वर, एक खाली. पाच सुटे दात दिसत असतील तर तो कवला नव्हे.

पुंकेसर. हे तपासायला खाली पडलेलं एखादं फूल उचला आणि सुईच्या टोकाने नौका उघडा. आत दहा पुंकेसर असतात. मुगात, वाटाण्यात त्यांची वाटणी नऊ आणि एक अशी असते. कवल्यात पाच आणि पाच. फूल ताजं उमललेलं असेल तर दहाही एकाच नळीत जुळलेले दिसतील, ती नळी नंतर दुभंगते. त्यामुळे थोडं कोमेजलेलं फूल घ्या.

शेंगच सापडत नाही. कवल्याला शेंग येत नाही का?

येते, पण लपून बसते. फूल गळून गेल्यावर निदलपुंज तसाच राहतो, मिटतो, वाळून तपकिरी होतो. लोकांना वाटतं, ही सुकलेली कळी. त्याचे दोन ओठ नखाने अलगद उघडा. आत चार-सहा बारीक गोलसर कप्प्यांची शेंग, सुताराच्या घडीच्या मोजपट्टीसारखी स्वतःवरच दुमडलेली असते. प्रत्येक कप्प्यात एक बी. कप्प्यांची पाठ गुळगुळीत नसते, तिच्यावर बारीक उंचवटे असतात. पिकल्यावर सांध्यांशी सुटून एकेक कप्पा वेगळा पडतो.

आमच्या मते या प्रजातीची सगळ्यात भरवशाची खूण ही. फुलाबद्दल दोघांत मतभेद होऊ शकतील, या दुमडलेल्या शेंगेबद्दल नाही. शिवाय ऑक्टोबरात फुलं संपल्यावर निराश होऊन परतायची गरज उरत नाही. वाळके निदलपुंज अजून झाडावर असतात, ते उघडून बघा.

हात लावल्यावर पानं मिटतात. मग हे लाजाळू नाही का?

पानं मिटण्यावरून काही ठरत नाही. आपल्या भागात पानं मिटणाऱ्या बऱ्याच वनस्पती आहेत. लाजाळूला काटे असतात, फूल गुलाबी गोंड्याचं असतं, आणि ती मुळात दक्षिण अमेरिकेतून आलेली. हात लावताच ती झटकन मिटते. कवला सावकाश मिटतो, कधी कधी तर तुम्ही हात लावून कंटाळल्यावर. दुसरी आहे लहान लाजरी: तिची सगळी पानं एका सरळ दांड्याच्या टोकाशी छत्रीसारखी गोल लागलेली असतात आणि मधून पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात. कवल्याची पानं फांदीभर एकाआड एक असतात.

संध्याकाळी कवल्याची पानं आपोआप मिटतात. तोडून घरी आणलेली फांदी वाटेतच मिटते, आणि मग पर्णिका मोजायला बसलात तर हाती काही लागत नाही. मोजायच्या त्या जागेवरच मोजा.

पिवळ्या फुलांच्या आणखी कुठल्या वनस्पतींशी गल्लत होते?

बऱ्याच. आमच्याकडे 'कवला' म्हणून आलेल्या फोटोंत ही मंडळी हमखास असतात.

टाकळा आणि त्याचे बारीक पानांचे भाऊबंद. फूल पिवळं, पान संयुक्त, म्हणून फसायला होतं. पण त्यांच्या पाच पाकळ्या सुट्या, पसरट उघडलेल्या असतात. ध्वज नाही, नौका नाही. फूल समोरून पाहिलं की विषय तिथेच संपतो.

भातखाचरांतली एस्किनोमिनी इंडिका. ही खरी फसवी. फूल वाटाण्याच्या ठेवणीचं, फिकट पिवळं; शेंग कप्प्यांची; पानंही मिटतात; आणि कवल्यासारखीच पाण्याच्या कडेला. पण तिच्या पानात पर्णिकांच्या पुष्कळ जोड्या असतात, अगदी वीस आणि त्याहून जास्त, त्यामुळे पान चिंचेच्या पानासारखं दिसतं. आणि तिची शेंग लपत नाही, सरळ बाहेर लोंबते. शेंग बाहेर असेल तर कवला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होईल.

झोर्निया. माळावर जमिनीलगत पसरते. तिच्या पानाला फक्त दोन पर्णिका, आणि प्रत्येक फूल दोन हिरव्या छदांच्या, म्हणजे फुलाखालच्या पानांसारख्या भागांच्या, मध्ये दाबून बसवलेलं. ओळीने लागलेली ही छदं एकदा लक्षात आली की पुढे अडत नाही.

गेसास्पिस. कातळावर, ओलसर माळावर उगवणारी ही वनस्पती लांबून अगदी कवल्यासारखी. जवळ गेलात की फुलांपेक्षा त्यांना झाकणारी मोठी, एकावर एक चढलेली, कडांना केस असलेली छदंच जास्त दिसतात. फूल त्यांतून जेमतेम तोंड काढतं.

खुळखुळा. वाटाण्याच्या ठेवणीचं पिवळं फूल पाहून याचेही फोटो येतात. याच्या बहुतेक जातींचं पान साधं, एकसंध असतं आणि शेंग फुगीर, वाळल्यावर वाजणारी. इथे फार वेळ घालवायचं कारण नाही.

पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके, म्हणजे मिकी माऊस, म्हणजे स्मिथिया हिर्सुटा. बरोबर?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

'मिकी माऊस' हे नाव कासच्या पठारामुळे प्रसिद्ध झालं. ध्वजाच्या बुडाशी दोन तांबूस-नारिंगी ठिपके, ते डोळे. वर ध्वजाचे दोन गोलसर भाग, ते कान. कासवर हिर्सुटा भरपूर फुलते, फोटो व्हायरल झाले आणि हे नाव हिर्सुटाला चिकटलं. पण असे ठिपके एकट्या हिर्सुटाची मक्तेदारी नव्हेत. बायजेमिना, आघारकरी या कवल्याच्याच दुसऱ्या जातींवरही ते असतात, काही जातींवर फिके असतात. मुळात हे ठिपके मधमाशीला वाट दाखवण्यासाठी आहेत. माशी नौकेवर बसते, तिच्या वजनाने नौका खाली दबते आणि आतले पुंकेसर तिच्या पोटाला लागतात. हे काम सगळ्याच जातींना करून घ्यायचं आहे, तेव्हा खूणही अनेकींनी ठेवली.

त्यात ठिपक्यांचा रंग फुलाच्या वयाप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे कमीजास्त दिसतो. फोनचा कॅमेरा पिवळ्या रंगाचं काय करतो, हे तर बोलायलाच नको.

म्हणून आमचं सगळ्यांना सांगणं एकच: फुलाचा चेहरा नको, पाठ दाखवा.

पाठ म्हणजे काय? जात नक्की कशावरून ठरवायची?

पाठ म्हणजे निदलपुंज. फूल आडवं धरा, किंवा फोन फुलाच्या बाजूला नेऊन खालून वर धरा, आणि दोन गोष्टी बघा: त्या हिरव्या ओठांवरच्या शिरा आणि त्यावरचे केस.

पहिला फाटा शिरांचा. शिरा ओठाच्या बुडापासून टोकापर्यंत समांतर, एकमेकींना न मिळता, जवळजवळ धावत असतील आणि ओठ हाताला कडक लागत असेल, तर एक गट. शिरा फांद्या फोडून एकमेकींत गुंतत असतील, जाळी दिसत असेल आणि ओठ मऊ, पातळ असेल, तर दुसरा. उन्हाकडे धरून पाहिलं तर साध्या डोळ्यांनाही फरक कळतो. वाळक्या निदलपुंजावर तर आणखी स्पष्ट.

समांतर शिरांच्या गटात आपल्याकडे मुख्यतः दोघी. स्मिथिया सेन्सिटिवा ही सगळीकडे आढळणारी. आशियापासून मादागास्करपर्यंत पसरलेली. खोड बारीक, बहुतेक गुळगुळीत, जमिनीला टेकत टेकत वर उठणारं. भाताचे बांध, ओहोळाचे काठ, रस्त्याकडेची ओल, अशा जागी ती हमखास. फुलं थोडी, पानाच्या बगलेत छोट्या तुऱ्यावर, लहान, पिवळी. ठिपके फिके, नसल्यातच जमा. निदलपुंजावर केस असलेच तर विरळ. दुसरी कॉन्फर्टा. तिची फुलं जवळजवळ बिनदेठाची, फांदीच्या टोकाशी पानांत दाटीवाटीने बसलेली. कळ्यांवर लांब राठ केस, त्यामुळे तो गुच्छच केसाळ दिसतो.

जाळीदार शिरांच्या गटात हिर्सुटा आणि बायजेमिना. हिर्सुटाचं खोड केसाळ, निदलपुंजावर पिवळट राठ केसांची दाटी, फुलं लांब दांड्याच्या टोकाशी झुबक्याने, आणि ठिपके ठसठशीत. बायजेमिना नाजूक, आणि तिच्या पानात साधारणतः पर्णिकांच्या दोनच जोड्या. एकूण चार. हिर्सुटाच्या पानात त्याहून जास्त. एका पानावरून निकाल देऊ नका. झाडावरची खालची, मधली, वरची अशी चार-पाच पानं मोजा, कारण टोकाच्या कोवळ्या पानांत जोड्या कमी असतात.

मग सेट्युलोसा. हिच्यापाशी वाकायची गरज पडत नाही. ताठ उभी, गवताच्या वर डोकं काढणारी, कमरेपर्यंत सहज जाणारी. फुलं मोठी, मोकळ्या तुऱ्यांवर. खोडावरच्या केसांना बुडाशी बारीक गाठ असते आणि बोट फिरवलं की चिकट लागतं. घाटाकडे, नाणेघाट-माळशेजच्या बाजूला गेलात तर हिच्यावर नजर ठेवा.

आघारकरी ही सातारा भागातल्या उंच पठारांवरची. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची. पुण्यातली आघारकर संशोधन संस्थाही त्यांच्याच नावाने आहे. ठाण्यात कुणी हिचा दावा केला तर आधी निदलपुंजाचा फोटो मागा.

आणि ती जांभळी?

स्मिथिया पर्प्युरिया, जांभळा कवला. या प्रजातीतली सगळ्यात सोपी. आपल्याकडच्या बाकीच्या पिवळ्या, ही जांभळी, आणि ठिपके लालऐवजी पांढरे. खोड गुळगुळीत, निदलपुंजाच्या शिरा जाळीदार. एकदा पाहिलीत की पाठ तपासायची गरज नाही. नियमाला एवढा अपवाद चालेल. छायाचित्रकारांची ही लाडकी आहे, त्यामुळे जिथे ती फुलते तिथलं गवत तुडवून सपाट झालेलं असतं.

ठाण्यात, नवी मुंबईत कुठे शोधायचा?

जागेचं नाव विचारण्यापेक्षा जमीन वाचायला शिका. कवल्याला ऊन आणि ओल दोन्ही लागतात. दाट झाडीत तो नसतो. कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर आखूड गवत, आणि पावसाचं पाणी झिरपत राहणारा उतार, अशी जागा दिसली की थांबा. भाताचा बांध, ओहोळाची कड, पायवाटेची ओली बाजू, हे दुसरं ठिकाण.

या हिशेबाने येऊरच्या पाड्यांलगतची खाचरं, घोडबंदरकडचे उतार, मुंब्रा-पारसिकची रांग, बेलापूरची टेकडी, घणसोलीचा गवळीदेव, खारघरचे डोंगर, असं बरंच काही फिरता येईल. खारघरला पांडवकड्याच्या बाजूला पावसाळ्यात वनखातं आणि पोलीस प्रवेशबंदी करतात. तिथे बुडून माणसं गेली आहेत. फुलासाठी तिथे जाऊ नका. तीच फुलं रस्त्याकडेच्या उतारावरही असतात. येऊरलाही चौकीवर विचारूनच आत जा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या, तो बिबट्याचा इलाखा आहे.

कधी जावं?

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गौरी-गणपतीच्या दिवसांत तेरडा फुललेला असतो, त्याच सुमारास पिवळी फुलंही जोरात असतात. जून-जुलैत फक्त पानं. दिवसात म्हणाल तर सकाळी, ऊन वर आल्यावर. पाऊस धो धो कोसळत असेल तर ध्वज मिटून भिजलेले असतात आणि हाती फक्त सर्दी लागते.

फोटो कसे काढायचे म्हणजे तुम्हाला ओळखता येईल?

एक सुंदर फोटो पाठवण्यापेक्षा पाच सामान्य पाठवा. अख्खं झाड, आजूबाजूच्या गवतासकट. एक पान वरून, पर्णिका मोजता येतील असं. पानाचं बूड, उपपर्णं दिसतील असं. फूल समोरून, हा तर तुम्ही काढणारच. आणि निदलपुंज बाजूने, केस दिसतील इतका जवळून. पाचवा नसेल तर बाकी चारांचा फारसा उपयोग नाही.

मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं धरा. फोन जवळ नेला की तो मागच्या गवतावर फोकस करतो. फुलामागे तळहात आडवा धरा, म्हणजे त्याला दुसरं काही दिसणारच नाही. केस दिसायला उजेड मागून यायला हवा, तेव्हा सूर्याकडे तोंड करून बसा. फ्लॅश मारू नका, पिवळा रंग पांढरा होतो.

अ‍ॅपने थेट जातीचं नाव दिलं. ते धरून चालू का?

प्रजातीपर्यंत धरा, पुढे नाही. अ‍ॅपला तुम्ही फुलाचा चेहरा दाखवता, आणि त्याच्याकडे आधीपासून असलेले फोटोही बहुतेक चेहऱ्याचेच, त्यातही पठारांवरचे. मग ठिपके दिसले की ते हिर्सुटा म्हणून मोकळं होतं. हाच गोंधळ माणसंही करतात, तेव्हा एकट्या अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्याने दिलेलं नाव तपासल्याशिवाय तुम्ही नोंदवलंत, की पुढच्याला ते पुरावा म्हणून दिसतं. नोंद करताना खात्री नसेल तर नुसतं 'स्मिथिया' लिहा. यात काही कमीपणा नाही. अभ्यासकही वाळवलेला नमुना समोर असल्याशिवाय काही वेळा एवढ्यावरच थांबतात. असे जुने नमुने पाहायची हौस असेल तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. आधी परवानगी काढून जा.

स्मिथिया हे नाव कुणावरून?

जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून. लंडनची लिनियन सोसायटी त्याने १७८८ मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी विल्यम एटनने या प्रजातीला त्याचं नाव दिलं. हिर्सुटा, सेट्युलोसा, बायजेमिना या आपल्या सह्याद्रीच्या जातींचं वर्णन निकोल डॅल्झेलने केलं. तो मुंबई इलाख्याचा वनाधिकारी होता. नावं कुणाची का असेनात, पाड्यावरच्या बायका त्याआधीपासून भाजी खुडत होत्याच.

रोप आणून कुंडीत लावता येईल का?

लावू नका. बहुतेक कवले एका पावसाचे पाहुणे: जूनमध्ये रुजतात, दिवाळीच्या आगेमागे बी टाकून वाळतात. उपटलेलं रोप मान टाकतं, आणि जगलं तरी महिन्या-दोन महिन्यांत वाळणारच. आणि तुम्ही फुलावर असताना उपटलंत, म्हणजे पुढच्या वर्षीचं बीही घेऊन गेलात.

याचा जमिनीला काही उपयोग?

शिंबावंत असल्याने मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. कातळावरच्या बोटभर मातीत ही कमाई महत्त्वाची.

आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर पूर्वी पुष्कळ दिसायचा, आता नाही. का?

जागा न पाहता कारण सांगता येणार नाही, पण ही चौकशी करा. टेकडीवर झाडं लावली का? हे ऐकून लोक चपापतात, पण माळ आणि कातळावरच्या फुलांना सावली मानवत नाही. उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन असं समजून तिथे खड्डे खणून गुलमोहर लावले की कवला गेलाच. रानमोडी किंवा घाणेरी माजली का? या दोन्ही परदेशी झुडपांखाली आखूड गवत टिकत नाही, आणि गवताबरोबर कवलाही जातो. उताराचं पाणी गटारात वळवलं का? ओल गेली की सेन्सिटिवा आधी जाते. आणि ऑक्टोबर संपायच्या आत गवत कापतात का? बी पडायच्या आधी कापणी झाली, आणि असं दोन-तीन वर्षं झालं, तर जमिनीतला साठा संपतो. यातलं शेवटचं तुमच्या हातात आहे. सोसायटीच्या सभेत मागच्या टेकडीची कापणी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलायचा ठराव मांडा. डासांचा मुद्दा कुणीतरी काढेलच. डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते. उतारावरच्या गवतात पाणी साचत नाही, हे तिथेच सांगा.

लहान मुलांना घेऊन जायचं तर?

जरूर. पर्णिका मोजायच्या आणि लपलेली शेंग शोधायची, ही दोन कामं त्यांच्यावर सोपवा. जमिनीच्या जवळ असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा हमखास आधी सापडवतात. पूर्ण बाह्या, पायात बूट, आणि गवतात हात घालण्याआधी काठीने आवाज करायची सवय. पावसाळ्यात घोणस आणि फुरसं दोन्ही याच गवतात असतात. स्वस्तातलं दहापट भिंग प्रत्येकाच्या गळ्यात वेगळं अडकवा. एकच नेलंत तर सकाळ भांडणं सोडवण्यातच जाईल.